बाजूला ठेवलेले चारशे बारा

नाशिक, ४ मे २००३

मीना,

तुझं कार्ड काल कॉलेजवर आलं. शिपाई देताना म्हणाला, "सुरगाण्याहून आहे सर," आणि जरा रेंगाळला, म्हणजे त्यानं वाचलं असणार. कार्डावर लिहिलेलं सगळ्या गावाचं होतं हे तुला माहीत आहे, तरी तू कार्डच पाठवलंस. बरं केलंस. पाकीट असतं तर मी ते आठवडाभर उघडलं नसतं.

चारच ओळी आहेत. त्या इथे उतरवतो, म्हणजे नीट वाचल्या हे तुला कळेल. "लॅबनं परत लिहून दिलं आहे की तपासणीच्या यादीची फ्लॉपी माझ्या निष्काळजीपणामुळे हरवली. ३० जूनला नाशिकच्या ज्युनियर कॉलेजात माझी मुलाखत आहे, तिथे ते पत्र पोचलं आहे. फ्लॉपी मी हरवली नाही, एवढं तू लिहून दे. बाकी काही नको."

सहा वर्षं आपण बोललो नाही. त्याआधी चार वर्षं पुण्याच्या लॅबमध्ये एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून इतकं बोललो की सर म्हणायचे, "ती नाशिक आकाशवाणी जरा बंद करा." तू पेठच्या डोंगरातली, मी सायखेड्याचा. एकाच एसटीनं घरी जायचो, एकाच प्रथिनावर काम करायचो. नागलीला वर्षानुवर्षं कीड का लागत नाही, हा प्रश्न तूच आणला होतास, आणि दाणेही तुझ्याच शेतातले होते. हे सगळं मी विसरलेलो नाही.

लॅबनं जुनं आत्ताच का उकरून काढलं ते कदाचित तुला कळलं नसेल. मार्चमध्ये परदेशातल्या एका गटानं आपल्या प्रथिनाची रचना नव्यानं सोडवून छापली. ती आपल्यासारखी नाही. आपली चुकीची होती, हे आता उघड आहे. मलाही वाचून धक्का बसला. आपला निबंध छापलेल्या मासिकानं सरांकडे खुलासा मागितला. सरांनी कळवलं, तपासणीची यादी एका विद्यार्थिनीनं हरवली, म्हणून तेव्हा चूक लक्षात आली नाही. अशा रीतीनं तुझं नाव परत वर आलं.

सोबत दाखला जोडला आहे. दोनदा लिहून फाडला, तिसऱ्यांदा टाइप करून घेतला. "श्रीमती मीना मंगळू भोये यांनी १९९३ ते १९९७ या काळात माझ्यासोबत अत्यंत मेहनतीने काम केले. संगणक बदलण्याच्या गडबडीत एक फ्लॉपी गहाळ झाली. त्यास कोणा एका व्यक्तीला जबाबदार धरता येणार नाही." खाली सही, शिक्का, पद. एवढ्यानं तुझं काम व्हावं.

अम्मी हल्ली माझ्याकडेच असते. तुझं कार्ड आल्याचं सांगितलं तर म्हणाली, "येती का ती? तिला म्हनावं, नागली संपली." मंगळूकाकांना माझा सलाम सांग.

मुबीन


नाशिक, १९ मे २००३

मीना,

तू दाखला परत पाठवलास. 'गहाळ झाली' या शब्दांखाली लाल रेघ, बाकी पाकिटात काही नाही. आश्रमशाळेतल्या वह्या तपासून तुझा हात असा झाला असेल. मीही रोज पोरांच्या कागदांवर अशा रेघा मारत असतो. माझ्या कागदावर पहिल्यांदाच कुणी मारली, आणि ती कुठे मारायची हे बरोबर कळलं.

रविवारी अम्मीनं विचारलं, "काय लिवतो रे एवढं? आन् फाडतो कशाला?" मग तिला सांगायला बसलो. आपलं काम मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. अब्बांनाही नाही. ते लोकांना सांगायचे, पोरगा पुण्यात नागलीचे एक्स-रे काढतो, आणि लोक विचारायचे, नागलीला काय झालं?

तिला म्हटलं, एक्स-रे स्फटिकावर सोडले की ठिपके उमटतात. ठिपका किती गडद ते मोजता येतं. पण ती लाट किती पुढं-मागं होऊन पोचली, म्हणजे तिची फेज, ती काही उमटत नाही. अर्धी गोष्ट हातात, अर्धी हरवलेली. ती हरवलेली अर्धी आम्ही गव्हातल्या एका माहितीच्या प्रथिनाकडून उसनी घेतली. त्यात एक धोका असतो. फेज गव्हाची घातली की चित्रही बरंचसं गव्हाचंच उमटतं आणि आपण खूश होतो की नागली दिसली. पुढे संगणक ते चित्र ठिपक्यांशी जुळवत जातो, आणि जुळवत राहिलं की चुकीचंही जुळायला लागतं. म्हणून मीनानं पहिल्याच दिवशी आठ हजारांतले शेकडा पाच ठिपके चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून बाजूला काढले. चारशे बारा. ते संगणकाला शिकवताना दाखवायचे नाहीत. शेवटी त्यांनाच विचारायचं, हे खरं की खोटं.

"म्हंजे परीक्षेचा पेपर," अम्मी म्हणाली.

"हो."

"मंग?"

मग मला पुढचं सांगावं लागलं. तिला सांगितलं, तेच आता तुला सांगतो. नोव्हेंबर ९६ मध्ये नवा संगणक आला. तुझ्या यादीची फ्लॉपी तू मला दिलीस. तुझी ती रीतच होती, यादी दुसऱ्याला द्यायची तर आधी तिचा प्रिंटआउट काढायचा आणि शेवटच्या पानावर घेणाऱ्याची सही घ्यायची. 'मिळाली', नाव, तारीख. आम्ही तुला रेशनवाली म्हणायचो, आणि तू म्हणायचीस, म्हणा. ते कागद एव्हाना रद्दीत गेले असतील.

नव्या संगणकातला प्रोग्राम तुझी यादी घेईना. तिची मांडणी बदलायला हवी होती, दोन दिवसांचं कंटाळवाणं काम होतं. प्रोग्राममध्ये एक सोय होती, एक कळ दाबली की तो स्वतःच नवी यादी काढायचा. मी ती दाबली. त्या नव्या यादीतले बहुतेक ठिपके संगणकाला आधीच शिकवून झालेले होते. चित्र किती चुकतं तो आपला आकडा जुन्या यादीवर ४९ वर अडून बसला होता, नव्या यादीवर एका दुपारीत ३० झाला. तिशीच्या आसपास आला की रचना बरोबर मानतात. सरांनी पेढे मागवले. तू पेढा हातात घेऊन पडद्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "एका दुपारीत कुणी एवढं हुशार होत नाही. यादी कुठली लावलीस?"

मी म्हणालो, "तुझीच."

हे ऐकून अम्मी थोडा वेळ तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "म्हंजे पेपर तू फोडला, आन् नापास तिला केलं."

मीना, माझी चूक आळसाची होती, लबाडीची नव्हती, असं मी तिला समजावत होतो. फ्लॉपीचं म्हणशील तर ती मला नंतर सापडली नाही. मी नवा दाखला करू शकतो. 'तांत्रिक कारणास्तव जुनी यादी वापरता आली नाही' असं घालू का? कळव.

मुबीन


नाशिक, ३ जून २००३

मीना,

पंधरा दिवस वाट पाहिली. तुझं उत्तर नाही. 'तांत्रिक कारणास्तव' वाचून तू काय केलं असशील याची कल्पना करतो आणि मान खाली जाते.

इथे सिंहस्थासाठी अर्धं शहर खणून ठेवलं आहे. कॉलेजला जाताना रोज तीन ठिकाणी वळसा घ्यावा लागतो. मीही पत्रात तेच करतो आहे, हे मला कळतं. आज सरळ जातो.

शुक्रवारी, १७ जानेवारी ९७ ला सरांनी आपल्याला दोघांना बोलावलं. तू म्हणालीस, हा आकडा खरा नाही, जुन्या यादीवर तपासा, आणि नाहीतर पाऱ्यात भिजवलेल्या स्फटिकांवरून आपली स्वतःची फेज काढू, गव्हाची नको. सरांना घाई होती. त्यांनी मला विचारलं, "ती जुनी यादी कुठे आहे?" मी म्हणालो, "फ्लॉपी मीनाकडेच असायची सर." तू माझ्याकडे पाहिलंस. तू रागावली नव्हतीस. मला काहीतरी आठवत नाहीये आणि आता आठवेल, असं वाट बघितल्यासारखं पाहत होतीस.

सरांनी तुला सांगितलं, "सोमवारी अकरापर्यंत काय असेल ते घेऊन ये." तू बाहेर गेलीस. पुढचं तुला माहीत नाही. मी ते आजवर कुणालाच सांगितलं नाही.

सर म्हणाले, "ती मुलगी उगाच असं म्हणेल?" मी म्हणालो, "सर, ती कोट्यातनं आलीय. मेहनती आहे, पण अशा बारीक कामात..." ते वाक्य मी पूर्ण केलं नाही. सरांनी मान हलवून पूर्ण केलं.

मी हे बोललो. ९३ साली पुण्यात मला खोली मिळत नव्हती. आडनाव ऐकलं की 'कालच गेली' म्हणायचे. चार दिवस तू माझ्याबरोबर हिंडलीस, आणि पाचव्या घरी त्या बाईंना तोंडावर विचारलंस, "काल गेली तर दारावर पाटी आज कशी?" त्या ओशाळल्या आणि खोली दिली. त्या खोलीत राहून मी तुझ्याबद्दल हे बोललो. मला याची लाज वाटते. लाज हा शब्द लिहून ती कमी होत नाही, तरी लिहितो.

तुला आठवतं, नव्या पोरांना फेज समजावायला तू काय करायचीस? आपल्या दोघांच्या वडिलांचे फोटो संगणकात घालायचीस. गडद-फिक्याचं मोजमाप मंगळूकाकांच्या फोटोतून घ्यायचं, फेज अब्बांच्या फोटोतून, आणि दोन्ही एकत्र करून चित्र काढायचं. पडद्यावर दरवेळी अब्बाच. धुरकट, पण टोपीसकट अब्बा. पोरं हसायची. तू म्हणायचीस, "मोजलेलं सगळं काकांचं आहे बरं का. पण तुम्ही आधी मनात जे घालाल तेच तुम्हाला दिसणार." मॉडेलवर भरवसा किती ठेवायचा हे मॉडेलला विचारू नका, बाजूला ठेवलेल्यांना विचारा, हे तू मला शिकवलंस, आणि त्याचं गणितही. पुढे माझ्या प्रबंधात ते गणित आलं. तुझं नाव आलं नाही.

चार वर्षं मी तुझं काम रोज मोजत होतो. एक स्फटिक वाया गेला नाही, एक नोंद चुकली नाही. आणि सरांनी विचारल्यावर मी जे चित्र काढलं ते कुठून उसनं घेतलं होतं, ते तुला सांगायला नको.

मग तो सोमवार आला. सकाळी सात वाजता घरमालकीणबाईंकडे फोन आला, अब्बा गेले, आणि मी तुझ्या होस्टेलवर फोन केला. मला काही सुचत नव्हतं. एसटी स्टँडवर तू मला नेलंस आणि स्वतःही बसलीस. पुण्यापासून नाशिक, नाशिकपासून सायखेडा, कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होतीस. अकरा वाजता सर तुझी वाट बघत असतील हे एसटी पुण्याबाहेर पडतानाच माझ्या मनात येऊन गेलं. मी बोललो नाही. तू परत जा, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. मला बरं वाटलं की तू तिथे नाहीस.

दुसऱ्या दिवशी मंगळूकाका डोंगरातनं आले, खांद्यावर नागलीचं गाठोडं. रमजान होता. घरात सगळ्यांचे रोजे. काका ओट्यावरच बसून राहिले. म्हणाले, "आमाला भूक नाय. घरात रोजे हायत, आमी कसं खावं?" अम्मी आतून म्हणाली, "पाव्हन्याला रोजा नसतो दादा. बसा." शेजारच्या झुंबरबाईंनी भाकरी आणून दिल्या. अब्बांनी घडवलेली पत्र्याची कोठी काकांनी तुमच्या घरी नेली होती एसटीच्या टपावरून, तिची गोष्ट ते सांगत होते. म्हणाले, "हनीफभाईच्या कोठीला अजून गंज नाय."

त्याच मंगळवारी सरांनी तुला काढल्याचं पत्र टाइप केलं. कारण, ठरलेल्या वेळी हजर नाही, पुरावा दिला नाही. तू माझ्या वडिलांच्या मातीला आली होतीस.

दाखला जोडलेला नाही. कसला जोडू?

मुबीन


नाशिक, १५ जून २००३

मीना,

मागच्या पत्रात सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. मलाही आठ दिवस तसंच वाटत होतं, हलकं-हलकं. मग परवा अम्मीनं माळ्यावरची अब्बांची पत्र्याची पेटी उन्हात ठेवायला खाली काढली, आणि मी धावत जाऊन ती तिच्या हातातून घेतली.

फ्लॉपी त्या पेटीत आहे. निळी, तुझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली, 'बाजूचे ४१२, हात लावू नये'. ती कधी हरवलीच नव्हती. नोव्हेंबरपासून माझ्याच खणात होती. सरांसमोर मी 'मीनाकडे असायची' म्हणालो तेव्हा ती तिथून दहा पावलांवर होती. मागे तुला लिहिलं की सापडली नाही. ते खोटं होतं. 'वाचून धक्का बसला' असं पहिल्या पत्रात लिहिलं. तेही खोटं होतं.

मला १९९७ पासून माहीत आहे.

अब्बांचा चाळिसावा करून मी मार्चच्या सुरुवातीला पुण्याला आलो. तुझं टेबल रिकामं होतं. जाताना तू ते पुसूनही गेली होतीस. शनिवारी लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी फ्लॉपी काढली, बसून यादीची मांडणी बदलली, आणि खरंच दोन दिवसांचंसुद्धा काम नव्हतं, पाच तासांत झालं. नव्या यादीच्या आधीचं चित्र घेतलं, तुझे चारशे बारा बाजूला ठेवले, आणि संगणक सुरू करून दिला. रविवार, ९ मार्च, दुपारी चार वाजता काम संपलं. शिकवलेल्या ठिपक्यांचा आकडा २६. इतका छान की कुणीही पेढे वाटावेत. तुझ्या चारशे बारांचा ५०. त्यांनी चित्र ओळखलंच नाही. आपण नागलीवर गव्हाचं सोंग चढवून बसलो होतो.

निबंध फेब्रुवारीत मासिकाकडे गेला होता, छापून यायचा होता. एक फोन केला असता तर थांबला असता. सरांना सांगितलं असतं तर ओरडले असते, पण तुला परत बोलावलं असतं, ते तसे होते. मी तिथे बसून विचार केला. अम्मीला एकटीला सायखेड्यात कसं ठेवायचं. नाशिकच्या कॉलेजात जागा निघाली आहे, डिग्री लवकर हवी. ही कारणं खोटी नव्हती. पण त्यांच्या खाली एक होतं, ते असं की आता खरं बोललो तर शुक्रवारचं खोटंही सांगावं लागेल, आणि ते वाक्यही. मी तो निकाल पुसला. फ्लॉपी पुसायला हात झाला नाही. का झाला नाही ते मला आजही कळत नाही. ती गावी आणून पेटीत टाकली.

त्या आकड्यावर मला डिग्री मिळाली, नोकरी मिळाली. दरवर्षी मी बीएस्सीच्या पोरांना सांगतो, प्रयोगात प्रामाणिक राहा, आणि ते वहीत लिहून घेतात.

आता पंधरा दिवस राहिलेत. हे सगळं दाखल्यात लिहिलं तर माझी डिग्री जाईल, बहुधा नोकरीही. अम्मीला या वयात परत सायखेड्याला न्यावं लागेल. तूच सांग मी काय लिहू. तू जे म्हणशील ते मी करीन.

मुबीन


नाशिक, २७ जून २००३

मीना,

मागच्या पत्राचा शेवट वाचून तुला शिसारी आली असेल. सहा वर्षं तुझ्या डोक्यावर ओझं ठेवलं, आणि ते उतरवायचं की नाही हेही तूच ठरव म्हणालो. हे माझ्या लक्षात आलं ते पत्र टपालपेटीत टाकून घरी आल्यावर, तेसुद्धा अम्मीमुळे. तिला सगळं सांगितलं. पेटीचं, मार्चचं, कोट्याचं, आणि तुला काय विचारलंय तेही. ती म्हणाली, "मला सायखेड्याला न्यायला लागंल म्हनून तू तिला असं लिवलं? माझं नाव कशाला घेतलं रे? मी तुला कवा म्हनले व्हते?"

सोमवारी, २३ तारखेला, मी चार रजिस्टर पत्रं टाकली. मासिकाला, विद्यापीठाला, सरांना आणि तुझ्या मुलाखतीच्या समितीला. चारही एकसारखी. फ्लॉपी मीना भोये यांनी हरवली नाही, ती माझ्याकडे होती. यादी मी बदलली. रचना चुकीची आहे हे मला ९ मार्च १९९७ पासून ठाऊक होतं. सरांना मी मीना भोये यांच्याबद्दल जे वाक्य बोललो, तेही अर्धंच्या अर्धं लिहिलं. प्राचार्यांना भेटून सांगितलं. ते म्हणाले, "चौकशी लागेल. तोवर वर्ग घेऊ नका." सरांचा फोन आला. म्हणाले, "आता सांगून काय मिळवलंस?" नंतर म्हणाले, "तिचा पत्ता दे." मी दिला.

खरं सांगतो, पत्रं टाकून परत येताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. रस्त्यात पंक्चर झालं तरी चिडलो नाही. वाटलं, कुणी मागितलं नसताना, कुणाकडे पुरावा नसताना, मी आपण होऊन सगळं कबूल केलं. दोन दिवस मी या तोऱ्यात होतो.

परवा तुझं पार्सल आलं.

वरचं वर्तमानपत्र काढलं तर प्रिंटआउट. कडेची भोकांची पट्टीसुद्धा तू फाडलेली नाहीस. पहिल्या पानावर मथळा, खाली आकड्यांच्या रांगा. शेवटच्या पानावर निळ्या पेनानं लिहिलेलं, 'मिळाली. मुबीन शेख, १४/११/९६'. माझं अक्षर. सही करताना मी काहीतरी चेष्टा केली असणार, कारण शेजारी तू पेन्सिलनं 'हसू नकोस' असं लिहिलं आहेस.

सोबत तुझी चिठ्ठी. "त्या सोमवारी ही माझ्या पिशवीत होती. अकरा वाजता सरांना दाखवणार होते. तुझा फोन आला. नंतर मला काढलं तेव्हा दाखवायची इच्छा राहिली नाही, आणि अम्मीमावशीचं तोंड समोर यायचं. मुलाखतीला मी ही नेणार नाही. तूच ठेव."

अम्मीनं चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली. वाचली. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मयताच्या घरी आली, आन् मांडीवर हे घेऊन बसली व्हती पोरगी."

म्हणजे तू मला पोस्टकार्ड लिहिलंस तेव्हा माझी सही तुझ्या कपाटात होती. मी 'गहाळ झाली' लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव' लिहिलं, 'सापडली नाही' लिहिलं, आणि तू प्रत्येक वेळी ती बाजूला ठेवलीस. हा एक कागद समितीला पाठवला असता तर तुला माझी गरज नव्हती. सहा वर्षांत कुठल्याही दिवशी नव्हती. आश्रमशाळेत मानधनावर दिवस काढलेस, पण वापरला नाहीस. मला आता असं म्हणता येत नाही की मी आपण होऊन खरं बोललो. इतकंच म्हणता येतं की उशिरा का होईना, तुझा कागद यायच्या दोन दिवस आधी बोललो. तेवढं तरी झालं याचं मला बरं वाटतं, आणि बरं वाटण्याची लाज वाटते.

काल दिवसभर बसून प्रिंटआउट आणि फ्लॉपी ताडून पाहिली. कॉलेजच्या जुन्या संगणकावर ती अजून उघडते. अम्मी कागदावरचा एकेक आकडा बोट ठेवून वाचायची, तिला आकडे येतात, आणि मी पडद्यावर पाहून हो म्हणायचो. चारशे बाराच्या चारशे बारा जुळले.

येत्या सोमवारी ३० जून आहे. सकाळी दहाला मी त्या ज्युनियर कॉलेजच्या फाटकापाशी असेन. फ्लॉपी, हा कागद आणि माझी चारही पत्रं घेऊन. आत बोलावलं तर समितीपुढे तोंडानं सांगीन, नाही बोलावलं तर बाहेर उभा राहीन. तू माझ्याशी बोलायला हवंस असं नाही. अम्मी येते म्हणते. तिला मी अडवू शकत नाही. ती तुझ्यासाठी डबा करते आहे, आणि मंगळूकाका आले तर त्यांच्यासाठीही.

हा कागद मी ठेवून घेतो, तू ठेव म्हणालीस म्हणून. तुझ्या रीतीप्रमाणे पोच देतो. या वेळी हसलो नाही.

यादी मिळाली.
मुबीन शेख, २७/६/२००३